हजेरीपटावरचे नाव

२०१३ सालच्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या रोखेबाजारातील डाउ जोन्स निर्देशांकाने, साडेपाच वर्षांपूर्वी गाठलेला आपला जुना उच्चांक ओलांडला आणि २००८ च्या अरिष्टाची कथा एकदाची संपली असे म्हणावयास गुंतवणूकदारांना भक्कम आधार मिळाला. त्याच तिमाहीचा हिशेब स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने एप्रिलअखेर जाहीर केला, तेव्हा त्या देशात काम मागूनही ज्यांना काम मिळत नव्हते अशा माणसांची संख्या ६२ लाखांवर गेली असल्याचे, म्हणजेच श्रम करू इच्छिणाऱ्या दर चौघांमागे एकाहून अधिक माणूस रिकामा बसला असल्याचे प्रसिद्ध झाले; आणि पंचविशीच्या आतल्या तरुणांपुरते पाहिले तर हे प्रमाण निम्म्याच्याही वर होते.

एकाच अरिष्टाच्या या दोन नोंदी वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात. परंतु अशा अरिष्टांचा इतिहास ज्यांनी थोडाफार चाळला असेल त्यांना त्यात नवल वाटणार नाही. पैसा सावरण्याची मुदत आणि काम सावरण्याची मुदत या दोन मुदती क्वचितच सारख्या असतात, आणि अरिष्टाचा उगम जर पेढ्यांच्या तिजोऱ्यांत असेल तर त्यांच्यातील अंतर वर्षांनी मोजावे लागते. लेहमन ब्रदर्स या १८५० साली स्थापन झालेल्या पेढीने १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यापूर्वीच मंदीच्या फेऱ्यात सापडलेल्या अमेरिकेत पुढील वर्षीच्या ऑक्टोबरात बेकारीचे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि ८५ लाखांहून अधिक नोकऱ्या नाहीशा झाल्या. त्या देशाचे एकूण उत्पादन २०११ च्या सुमारास पूर्वपदावर आले. पण नोकऱ्यांची संख्या पूर्वीइतकी व्हावयास २०१४ चा मे महिना उजाडावा लागला, आणि मधल्या सहा वर्षांत वयात आलेल्या नव्या पिढीला लागणाऱ्या नोकऱ्या तर त्या हिशेबात धरलेल्याच नव्हत्या. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१० च्या आरंभी केलेल्या अंदाजानुसार जगातील बेकारांची संख्या २००९ साली २१ कोटी २० लाखांवर, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या मानाने ३ कोटी ४० लाखांनी वर गेली होती.

हे असे का व्हावे, याचा उलगडा करावयाचा तर मंदीमंदीतला भेद ध्यानी घ्यावा लागतो. साधारण मंदी येते ती बहुधा महागाईला आवर घालण्यासाठी मध्यवर्ती बँकेने व्याजाचे दर चढविल्यामुळे, अथवा गिरण्या-कारखान्यांच्या गुदामांत माल तुंबल्यामुळे. दर उतरले, माल उठला, की मालक फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्याच कामगारांना त्याच यंत्रांवर पुन्हा बोलावून घेतो. वित्तीय अरिष्टात मात्र यंत्रे शाबूत, कामगार शाबूत, मालाची गरजही शाबूत असूनही सर्वांच्याच मानेवर कर्ज असते. ज्या घराच्या किंवा जमिनीच्या तारणावर ते कर्ज काढलेले असते तिची किंमत उतरलेली असते, परंतु कर्जाचा आकडा मात्र दमडीनेही उतरलेला नसतो. मग कुटुंब खर्च आवरून हप्ते फेडू लागते, दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते, दुकानदार नोकर कमी करतो, त्या नोकराचे हप्ते थकतात आणि थकलेल्या हप्त्यांनी धास्तावलेली बँक, ज्याचा व्यवहार चोख आहे अशा लहान कारखानदारालाही खेळते भांडवल देण्याचे नाकारते. प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाचेच वर्तन करावे आणि त्या साऱ्या शहाणपणाची बेरीज सर्वनाशात व्हावी, हा तो प्रकार. केन्सने १९३६ साली ही गोष्ट विस्ताराने मांडली होती. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन अभ्यासकांनी अनेक देशांतील मोठ्या बँकिंग अरिष्टांचे दप्तर तपासून असे दाखविले की, सरासरीने पाहता उत्पादनाची घसरण दोनएक वर्षांत थांबते, पण बेकारी चार वर्षांहून अधिक काळ वाढतच राहते आणि त्या अवधीत तिचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी चढते.

स्पेनमध्ये ते १९ टक्क्यांनी चढले. २००७ साली ८ टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी सहा वर्षांत २७ टक्क्यांना भिडली; आणि म्हणूनच वित्तीय अरिष्टानंतर रोजगाराचे काय होते हे पाहावयाचे तर अमेरिकेपेक्षाही स्पेनकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

युरो हे सामायिक चलन आल्यावर स्पेनला जर्मनीच्या पतीवर, जर्मनीच्याच दराने कर्ज मिळू लागले. हा पैसा कारखानदारीत थोडा आणि घरबांधणीत फार गेला. २००६ या एका वर्षात साडेचार कोटींच्या आतबाहेर वस्ती असलेल्या त्या देशात सात लाखांहून अधिक घरे बांधावयास घेण्यात आली. ‘काखा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रांतोप्रांतीच्या बचतपेढ्यांच्या कारभारात स्थानिक राजकीय पुढाऱ्यांचे वजन मोठे असे, आणि आपल्या प्रांतात वसाहती, क्रीडागारे, क्वचित विमानतळदेखील उभे राहावेत ही त्यांची हौस या पेढ्यांनी पुरविली. दर आठ कामगारांमागे एक कामगार बांधकामावर होता. शाळेत बसून वर्षे घालविण्यापेक्षा पायाडावर चढल्यास हाती चांगला रोजमुरा पडतो हे दिसत असल्याने मुले शाळा सोडीत. त्यावेळी अठरा ते चोवीस वयाच्या दर दहा तरुणांपैकी तिघांचे शिक्षण सक्तीच्या इयत्तांपुढे गेलेले नव्हते. एक्वादोर, रुमानिया, मोरोक्को येथून लाखो माणसे याच कामासाठी आली. आणि या साऱ्या काळात सरकारचा जमाखर्च मात्र दृष्ट लागावा असा होता! २००७ साली अंदाजपत्रकात शिल्लक होती आणि सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३६ टक्क्यांच्या घरात, म्हणजे जर्मनीहूनही कमी होते. पुढे ज्यांनी स्पेनच्या दुर्दशेचे खापर सरकारी उधळपट्टीवर फोडले त्यांनी हा आकडा पाहिला नसावा, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले असावे.

कर्जाचा ओघ थांबला तेव्हा बांधकामावरच्या सुमारे २७ लाख माणसांपैकी १७ लाखांचे काम काही वर्षांत गेले. बांधकाम इतके फुगले होते की ते कोसळणे अटळच होते. पण बेकारी एवढ्यावर थांबली नाही. ती कारखान्यांत, हॉटेलांत, दुकानांत, कचेऱ्यांत शिरली, आणि ती ज्या वाटेने शिरली ती वाट कायद्यानेच पाडून ठेवलेली होती. १९८४ साली, त्याही वेळी बेकारी अतोनात वाढलेली असताना, मालकांनी माणसे घ्यावीत म्हणून मुदतीच्या करारावर नोकर ठेवण्याची मोकळीक स्पेनने दिली होती. कायम नोकराला काढावयाचे तर सेवेच्या दर वर्षामागे ४५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून मोजावा लागे, तर मुदतीच्या नोकराला आठ दिवसांचा दिला की मालक मोकळा. परिणाम असा झाला की अरिष्टाच्या उंबरठ्यावर देशातील दर तीन नोकरदारांपैकी एक जण मुदतीच्या करारावर होता, आणि मंदीची चाहूल लागताच मालकांना कोणाला बडतर्फ करण्याचीही तसदी पडली नाही. करार संपले, ते पुन्हा केले गेले नाहीत, एवढेच. ज्यांची नावे हजेरीपटावर पक्की होती ते बरेचसे वाचले, ज्यांची पेन्सिलीने लिहिली होती ती पुसली गेली. ही पुसली गेलेली नावे अर्थातच बहुतांशी तरुणांची होती.

सरकारने हातपाय हलविले नाहीत असे नाही. २००८ च्या अखेरीस नगरपालिकांना कामे काढता यावीत म्हणून ८०० कोटी युरोंचा निधी देण्यात आला आणि गावोगावच्या पदपथांच्या फरश्या उखडून नव्या बसविण्यात आल्या. परंतु ती कामे काही महिन्यांचीच होती, ती संपल्यावर माणूस जेथे होता तेथे परत आला. पुढे, म्हणजे २०१० नंतर, युरोपच्या राज्यकर्त्यांना काटकसरीची उबळ आली. स्पेनला स्वतःचे चलन नसल्याने त्याचे मूल्य उतरवून निर्यात वाढविण्याचा मार्ग बंद होता. २०१२ च्या जुलैत सरकारी रोख्यांवरील व्याज ७ टक्क्यांच्या वर गेले, बचतपेढ्या एकत्र करून उभारलेली बांकिया ही बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली, आणि बँकांना वाचविण्यासाठी युरोपकडून मदत घेत असतानाच शिक्षक, परिचारिका व कारकून यांची भरती थांबवावी लागली. त्या वर्षांत खाजगी क्षेत्र कर्ज फेडण्यात गुंतलेले असताना सरकारनेही हात आखडता घेणे हा प्रस्तुत लेखकाच्या मते शुद्ध अविचार होता, आणि २०१० ते २०१३ या काळात वाढलेल्या बेकारीचा फार मोठा वाटा या अविचाराच्या पदरी टाकावा लागेल.

गहाणकर्जाचा स्पॅनिश कायदा येथे आणखी एका अंगाने आड आला. अमेरिकेतील काही राज्यांत घराच्या किल्ल्या बँकेच्या हवाली केल्या की कर्जदार मोकळा होऊ शकतो. स्पेनमध्ये घर जप्त होऊन लिलावात गेले, आणि लिलावाची रक्कम कर्जाहून कमी भरली, तर उरलेली बाकी कर्जदाराच्या मागे लागलेलीच राहते. बेकार माणसाने दुसऱ्या गावी जाऊन काम शोधावे असा उपदेश करणे सोपे असते, पण ज्याचे घर विकले जात नाही आणि विकले तरी कर्ज सुटत नाही, तो जाणार कोठे? २००९ साली बार्सिलोनात अशा कर्जदारांची एक संघटना उभी राहिली, जप्तीच्या दिवशी दारात माणसे उभी करून तिने कितीएक जप्त्या थोपविल्या, आणि तिच्या अग्रणी आदा कोलाउ २०१५ साली त्याच शहराच्या महापौर झाल्या. तत्पूर्वी १५ मे २०११ रोजी माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात जमलेल्या तरुणांनी तेथेच तंबू ठोकून कित्येक आठवडे मुक्काम केला होता. या साऱ्यातून रक्तपात झाला नाही याचे श्रेय पुष्कळ अंशी स्पेनच्या कुटुंबसंस्थेला द्यावे लागेल. आजोबांच्या निवृत्तिवेतनावर तीन पिढ्या जेवत होत्या.

येथे बेकारी मोजतात कशी, याविषयी चार शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही, कारण वर्तमानपत्रांतील आकड्यांवर आपण जो विश्वास टाकतो तो पुरेशा माहितीने टाकलेला नसतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या व्याख्येप्रमाणे, ज्याच्याकडे काम नाही, जो काम सुरू करावयास तयार आहे आणि ज्याने नुकताच कामाचा शोधही घेतला आहे, तोच बेकार. आठवड्यातून एक तास मोबदल्याचे काम ज्याने केले तो या हिशेबात रोजगारीत जमा होतो. आणि उलट बाजूस, अर्ज करकरून थकलेल्या माणसाने अर्ज करणे सोडले की तो बेकारांच्या यादीतून वगळला जातो. हताश माणसांची संख्या वाढली की बेकारीचा टक्का सुधारतो, असा हा विलक्षण न्याय आहे. अमेरिकेत २००७ साली प्रौढांपैकी ६६ टक्के लोक काम करीत होते किंवा शोधीत होते. २०१५ साली ज्यावेळी बेकारीचे प्रमाण ५ टक्क्यांवर उतरल्याबद्दल समाधान व्यक्त होत होते त्यावेळी हाच आकडा ६३ च्या खाली आलेला होता. त्यातील काही घट लोकसंख्येच्या वाढत्या वयामुळे आली हे खरे, पण सारीच नव्हे.

दीर्घकाळची बेकारी माणसाचे काय करते, याचा सर्वांत मार्मिक अभ्यास आजही नव्वदएक वर्षांपूर्वीचाच आहे. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची एक गिरणीवस्ती होती. १९२९च्या महामंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळी वस्ती एकदमच बेकार झाली. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक तेथे गेले आणि १९३३ साली त्यांनी आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. सक्तीच्या रिकामपणातून माणसे वाचनाकडे, संघटनेकडे, राजकारणाकडे वळतील, निदान बंड तरी करतील, अशी त्या काळच्या समाजवाद्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात आढळले ते असे की वाचनालयाची वर्गणी माफ केलेली असूनही पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते, आणि घाई करण्याचे कारणच न उरल्याने पुरुष रस्त्याने चालताना वारंवार थांबत होते. दिवसभरात काय केले असे विचारले असता त्यांना नीट सांगता येत नसे. स्त्रियांची गोष्ट निराळी होती. गिरणीतले काम गेले तरी चूल, मुले आणि धुणे सुटलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्या दिवसाला आकार उरलेला होता. वेतन हे कामाचे एकच फळ आहे आणि बेकारभत्त्याने त्याची भरपाई झाली की प्रश्न मिटला, असे मानणाऱ्या अर्थशास्त्र्यांनी हा छोटासा ग्रंथ उशाशी ठेवावा.

बाजाराचा न्याय यात आणखी भर घालतो. २००८ नंतरच्या वर्षांत उत्तर अमेरिकी अभ्यासकांनी एक प्रयोग केला. तीन हजारांच्या आसपास जाहिरातींना उत्तर म्हणून, कल्पित उमेदवारांचे सुमारे बारा हजार अर्ज धाडण्यात आले. या अर्जांत, उमेदवार किती महिन्यांपासून बेकार आहे एवढीच बाब मुद्दाम, सोडत काढावी तशी, बदलत ठेवली होती. बेकारीचे पहिले आठ महिने जसजसे उलटत तसतसे मुलाखतीचे बोलावणे येण्याचे प्रमाण झपाट्याने घसरत गेले. गुण तेच, अनुभव तोच. दोष एवढाच की दुसऱ्या कोणी याला अजून घेतलेले नाही. अशा रीतीने मंदीने निर्माण केलेली तात्पुरती बेकारी हळूहळू त्या माणसाचीच खोड ठरते, आणि पुढे तेजी आली तरी तो तिच्या उपयोगाचा राहत नाही. ओलिव्हिए ब्लांशार आणि लॉरेन्स समर्स यांनी १९८६ साली युरोपच्या बाबतीत हा धोका दाखवून दिला होता. अमेरिकेत २०१० साली बेकारांपैकी ४५ टक्के लोक सहा महिन्यांहून अधिक काळ रिकामे होते. ऐन मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांची मिळकत पुढे दहाएक वर्षे मागेच राहते, हे अमेरिका-कॅनडातील अभ्यासांनी दाखविले आहे. जन्मवर्षाखेरीज त्यांचा दुसरा काहीही अपराध नसतो.

स्पेनची ही अवस्था होत असताना जर्मनीत काय घडत होते? २००९ साली जर्मनीचे उत्पादन ५ टक्क्यांहून अधिक घसरले, म्हणजे अमेरिकेहूनही जास्त, आणि तरीही तेथील बेकारी जवळजवळ जागची हलली नाही. याचे बरेचसे रहस्य ‘कुर्त्सआर्बाइट’ नावाच्या, म्हणजे अपुऱ्या कामाच्या, एका जुन्या व्यवस्थेत आहे. मागणी घटली की मालकाने माणसे काढण्याऐवजी सर्वांचे तास कमी करावयाचे. गमावलेल्या निव्वळ वेतनाच्या ६० टक्के, आणि पदरी मूल असल्यास ६७ टक्के रक्कम विमानिधीतून मिळावयाची. २००९ च्या मे महिन्यात सुमारे १५ लाख कामगार या योजनेखाली होते. त्याच्या जोडीला, तेजीत केलेले जादा तास खात्यावर जमा ठेवून मंदीत ते वळते करून घेण्याचीही पद्धत तेथील कारखान्यांत रुळलेली होती. जर्मन मालक काही स्पॅनिश मालकांहून अधिक सहृदय होते असे समजण्याचे कारण नाही. कसबी माणूस घडवावयास दहा वर्षे लागतात आणि घालवावयास एक चिठ्ठी पुरते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दुष्काळात पोटासाठी बियाणे दळून खाणाऱ्या शेतकऱ्याला पुढल्या मृगाला जी अडचण येते ती त्यांनी टाळली, आणि टाळण्याचा खर्च सरकारने वाटून घेतला. २०१० साली चीनकडून मोटारी आणि यंत्रे यांची मागणी येऊ लागली तेव्हा त्यांची माणसे यंत्रांजवळच उभी होती.

या व्यवस्थेवर आक्षेप आहेत आणि ते सगळेच पोकळ नाहीत. बांधकामावरची ती १७ लाख माणसे अशा भत्त्यावर जागच्या जागी धरून ठेवली असती, तर ज्या घरांना गिऱ्हाईक नाही ती घरे बांधण्याच्या आशेवर त्यांना बसविल्यासारखे झाले असते. तात्पुरती ओहोटी कोणती आणि धंद्याचा अंत कोणता, हे सरकारी कचेरीत बसून ओळखणे अवघड असते. शिवाय हजेरीपटावर ज्याचे नाव आहे त्यालाच ही सावली मिळते. बाहेरच्याला, नव्याने आलेल्याला, घरकाम करणारीला ती मिळत नाही.

स्पेनने मात्र धडा घेतला, असे पुढील घटनांवरून म्हणता येते. २०२० साली साथीच्या वेळी हॉटेले, विमाने, दुकाने सारे ठप्प झाले आणि त्या वर्षी देशाचे उत्पादन ११ टक्क्यांच्या आसपास घसरले, म्हणजे २००८ ते २०१३ या साऱ्या पडत्या काळात मिळून जेवढे घसरले होते त्याहूनही अधिक. यावेळी सरकारने नोकरी न तोडता ती स्थगित ठेवण्याच्या ‘एर्ते’ नावाच्या, कायद्यात पूर्वीपासून असलेल्या पण फारशा न वापरलेल्या तरतुदीचा आधार घेतला आणि एप्रिलात तीस लाखांहून अधिक कामगारांना तिच्याखाली आणले. बेकारी १४ टक्क्यांवरून १६ च्या थोडी वर गेली आणि तेथून उतरू लागली. पुढच्याच वर्षी कामावरील माणसांची संख्या साथीपूर्वीच्या आकड्याशी येऊन ठेपली. २००८ पूर्वीचा आकडा पुन्हा गाठावयास मात्र त्याच देशाला सुमारे पंधरा वर्षे लागली. तुलना अगदी तंतोतंत नाही हे मान्य केले पाहिजे. साथ हे कर्जाचे अरिष्ट नव्हते, आणि यावेळी युरोपच्या मध्यवर्ती बँकेने व युरोपीय संघाने काटकसरीचा पाठ न देता पैसा पुढे केला. परंतु २०२१ च्या अखेरीस स्पेनने मुदतीच्या करारांवर कडक निर्बंध घातले आणि त्यानंतर अशा नोकरदारांचे प्रमाण झपाट्याने खाली आले, ही गोष्ट केवळ योगायोगाची म्हणता येणार नाही.

आपल्याकडे २००८ च्या अरिष्टाने काय केले? आपल्या बँका फारशा डळमळल्या नाहीत, राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ ९ टक्क्यांवरून ७ च्या खाली आली इतकेच, म्हणून आपण त्यातून सहीसलामत सुटलो असा समज दृढ झालेला आहे. केंद्र सरकारच्या श्रम ब्यूरोने केलेल्या पाहणीत मात्र निवडक आठ क्षेत्रांतील रोजगार सप्टेंबर २००८ मधील १ कोटी ६२ लाखांवरून तीन महिन्यांत १ कोटी ५७ लाखांवर आल्याचे दिसले. सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने त्यावर्षी दिवाळीच्या सुट्टीसाठी बंद झाले ते कितीएक पुन्हा उघडलेच नाहीत, कारण त्या हिऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक अमेरिकेत होते. आणि लाखो कारागीर सौराष्ट्रातील आपल्या गावांकडे परतले. त्यांच्यापैकी कितीजण व्याख्येनुसार ‘बेकार’ ठरले असतील? गावी गेलेला माणूस भावाच्या शेतावर राबू लागतो आणि सरकारी दप्तरात तो शेतकरी होतो. आपल्या देशात बेकार राहणे ही चैन गरिबाला परवडत नाही, म्हणून आपले आकडे नेहमी लहान दिसतात.

हा परतीचा प्रवास मुंबईला नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले, त्या पैशावर समुद्र हटविण्याच्या कंपन्यांचे भाग विकत घेण्याचे वेड शहरात पसरले, आणि १८६५ साली युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती आठ लाख सोळा हजारांवर होती. १८७२ च्या खानेसुमारीत ती साडेसहा लाखांच्याही खाली उतरली. त्या सट्ट्यातील बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचे दिवाळे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दोन खानेसुमाऱ्यांमधून जी दीड लाखांहून अधिक माणसे कमी झाली त्यांच्यापैकी मजुरीसाठी आलेले किती परत गेले, आणि गावी जाऊन त्यांनी काय खाल्ले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

काम गेलेल्याला गावातच काम देण्याची कल्पना महाराष्ट्रात पुढे वि. स. पागे यांनी मांडली. १९७२ च्या दुष्काळात तिने मूळ धरले, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, आणि २००५ साली त्याच धर्तीचा केंद्रीय कायदा होऊन १ एप्रिल २००८ पासून, म्हणजे लेहमनच्या दिवाळखोरीपूर्वी साडेपाच महिने, तो देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांस लागू झाला. त्याची आखणी अवर्षणासाठी आणि ग्रामीण दारिद्र्यासाठी होती, वित्तीय अरिष्टासाठी नव्हती. तरीही शहरातून परतलेल्यांना गावी काही आधार उरला तो योगायोगाने या कायद्याचा होता. मात्र हिऱ्यावर सूक्ष्म पैलू पाडणाऱ्या हातांना त्या कामावर मिळावयाची ती माती खणण्याची मजुरीच.

आणि जर्मनीची व्यवस्था आपल्या कायद्यात मुळीच नाही असेही नाही. औद्योगिक कलह अधिनियमात १९५३ साली जी दुरुस्ती झाली तिच्या अन्वये, मागणीअभावी किंवा कच्च्या मालाअभावी कामगाराला तात्पुरते घरी बसविल्यास मूळ वेतन आणि महागाईभत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून देण्याचे बंधन मालकावर आले. गिरणगावात ‘ले-ऑफ’ या नावाने ही गोष्ट घरोघर माहीत होती. जर्मनीत हा भार विमानिधी उचलतो, येथे तो एकट्या मालकावर, आणि तोही नेमका त्याचा हात तंग असताना पडतो, हा एक भेद. दुसरा भेद कलमाच्या शब्दांतच आहे. कारखान्यात किमान पन्नास कामगार असावेत, कामगार बदली अथवा नैमित्तिक नसावा, त्याची एक वर्षाची अखंड सेवा झालेली असावी आणि त्याचे नाव हजेरीपटावर असावे, इतक्या अटी पुऱ्या झाल्या तरच ती भरपाई देय होते. सुरतेच्या अनेक कारखान्यांत कारागिराला नगावर पैसे मिळत आणि हजेरीपट ठेवण्याची रीतच नव्हती.